वसईच्या घरांवरचे ऊन : वीजबचत, छप्पर आणि शासनाचे अनुदान

(वसई तालुक्यातील पंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी आणि शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या पालघर जिल्ह्याचे विजेशी असलेले नाते जुने आहे. देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, तारापूर येथे सुरू झाले. त्या वेळी हा सारा प्रदेश ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. सूर्या नदीवरील धरणाचे पाणी आज वसई-विरारच्या नळांना येते. ते पाणी इमारतीच्या टाकीत चढविण्यासाठी पंप लागतो, पंपासाठी वीज लागते आणि विजेचे बिल दरमहा प्रत्येक घराच्या दारी येते. त्या बिलाचा भार हलका करण्यासाठी केंद्र व राज्य शासनाने ज्या सवलती उपलब्ध करून दिल्या आहेत, त्या आपल्या भागातील घरमालकांपर्यंत कशा पोहोचवाव्यात, हा आजच्या माझ्या बोलण्याचा विषय आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. योजना कागदावर चांगली असणे आणि ती योग्य माणसाच्या घरी पोहोचणे यांत मोठे अंतर असते. अनुदान मागण्यासाठी जो पुढे येतो त्याला ते मिळते. पुढे तोच येतो ज्याच्याजवळ कागद पूर्ण असतात, हाताशी थोडे पैसे असतात आणि संगणकावर अर्ज भरणारे कोणीतरी घरात असते. ज्याला बिलाचा भार सर्वांत जास्त जाणवतो, तो मात्र बहुधा या तिन्ही बाबतींत मागे असतो. हे अंतर भरून काढणे हे कोणा एका खात्याचे काम नाही. ते येथे बसलेल्या आपणा सर्वांचे काम आहे.

योजना काय आहेत ?

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर मोफत बिजली योजना’ सुरू केली. ७५,०२१ कोटी रुपयांच्या या योजनेचे उद्दिष्ट देशातील एक कोटी घरांच्या छपरांवर सौर वीजसंच बसविण्याचे असून तिची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये असे अनुदान घरमालकाच्या बँक खात्यात थेट जमा होते. म्हणजे एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये मिळतात. तीनच्या पुढे संच कितीही मोठा घेतला तरी अनुदान वाढत नाही.

गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळी तरतूद आहे. जिन्यातील दिवे, पाण्याचे पंप, उद्वाहन अशा सामाईक सोयींसाठी संस्थेने सौरसंच बसविल्यास दर किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान मिळते. त्याची कमाल मर्यादा ५०० किलोवॅट आहे.

अल्प वीज वापरणाऱ्या कुटुंबांसाठी महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय छत सौर योजना आणली. एक किलोवॅटच्या संचाची किंमत ५०,००० रुपये धरली, तर केंद्राच्या ३०,००० रुपयांखेरीज राज्य शासन दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला १७,५०० रुपये देते आणि कुटुंबाला केवळ २,५०० रुपये भरावे लागतात. दरमहा १०० युनिटांहून कमी वीज वापरणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांपैकी सर्वसाधारण गटास राज्याकडून १०,००० रुपये, तर अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांस १५,००० रुपये मिळतात. याखेरीज ग्रामीण घरकुलांच्या दुसऱ्या टप्प्यात राज्य शासनाने २०२५ मध्ये जे ५०,००० रुपयांचे वाढीव अनुदान मंजूर केले, त्यातील १५,००० रुपये घरावर सौरसंच बसविण्यासाठी राखलेले आहेत. तालुक्याच्या पूर्व भागातील पारोळ, भाताणे, सकवार या बाजूच्या पाड्यांवर ज्यांची घरकुले होत आहेत, त्यांना ही माहिती घर बांधून झाल्यावर मिळून उपयोग नाही. पाया घालतानाच ती मिळावयास हवी, म्हणजे छप्पर त्या बेताने घालता येते.

आधी बचत, मग सौरसंच

अनुदानाची रक्कम ऐकली की माणसाच्या मनात मोठ्या संचाचा विचार येतो. पण शहाणपणाचा क्रम वेगळा आहे. आधी घरातील वीजवापर कमी करावा, आणि मग उरलेल्या गरजेपुरता संच घ्यावा. हे का, ते हिशेबाने पाहू.

वसईची हवा दमट. आपल्याकडे पंखा वर्षातील बहुतेक दिवस फिरतो. जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. नवा बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो. फरक ४५ वॅटचा. पंखा दिवसाला १५ तास चालला तर महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. असे तीन पंखे बदलले की ६० युनिट झाले. चोक असलेल्या चार जुन्या ट्यूब काढून २० वॅटच्या एलईडी ट्यूब लावल्या आणि त्या रोज सहा तास जळल्या, तर आणखी २० युनिटांहून थोडी अधिक बचत होते. एकूण बचत महिन्याला ८० युनिटांच्या घरात गेली.

आता असे घर घ्या की जेथे महिन्याला ३२० युनिट वीज लागते. एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट वीज देतो, असे धरले तर या घराला तीन किलोवॅटचा संच लागेल. अनुदान ठरविताना केंद्राने जो खर्च धरला आहे, त्यानुसार त्याला १,४५,००० रुपये पडतात आणि ७८,००० रुपये अनुदान वजा जाता ६७,००० रुपये घरमालकाला घालावे लागतात. पंखे व दिवे बदलल्यावर याच घराची गरज २४० युनिटांवर येते आणि दोन किलोवॅटचा संच पुरतो. त्याचा खर्च १,००,००० रुपये, अनुदान ६०,००० रुपये, घरचे ४०,००० रुपये. म्हणजे २७,००० रुपये वाचले. आणि पंखे-दिवे बदलावयास साधारण दहा हजार रुपये लागतात. बाजारभाव यापेक्षा कमीअधिक असतील, पण हिशेबाची दिशा बदलत नाही.

ज्यांना सौरसंच घेणे शक्यच नाही, अशा भाडेकरूंना व चाळीतील कुटुंबांनाही हा बचतीचा मार्ग खुला आहे. आपले वीजदर टप्प्यांचे आहेत. पहिल्या १०० युनिटांना दर कमी असतो. १०० ते ३०० आणि पुढील टप्प्यांत तो चढत जातो. त्यामुळे वाचविलेले युनिट नेहमी वरच्या, महाग टप्प्यातून वजा होते. १३० युनिट वापरणारे कुटुंब १०० च्या आत आले, तर वाचलेल्या ३० युनिटांचे पैसे चढ्या दराने वाचतात. गृहिणींना हे एकदा बिल हातात घेऊन समजावून सांगितले की त्या पुढचा सारा हिशेब आपण होऊन ठेवतात, असा अनुभव येतो.

उपकरण घेताना तारांकन पाहण्याची सवय लावावयास हवी. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो २००२ मध्ये स्थापन झाला आणि त्याने २००६ पासून उपकरणांवर ताऱ्यांचे लेबल आणले. छताच्या पंख्यांना १ जानेवारी २०२३ पासून हे लेबल सक्तीचे आहे. लेबलावर वर्षाकाठी लागणाऱ्या युनिटांचा अंदाजही छापलेला असतो. दुकानदार किंमत सांगतो, लेबल पुढील दहा वर्षांचा खर्च सांगते.

अर्ज कोठे अडतात ?

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. अर्जाची रीत अवघड नाही. योजनेच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर महावितरणचा ग्राहक क्रमांक आणि मोबाइल क्रमांक देऊन नोंदणी करावयाची. नोंदणीकृत पुरवठादारांतून एकाची निवड करावयाची. संच बसल्यावर नेट मीटरसाठी अर्ज करावयाचा. महावितरणकडून तपासणी होऊन संच कार्यान्वित झाल्याचा दाखला निघाला की बँक खात्याचा तपशील भरावयाचा. त्यानंतर अनुदान खात्यात येते. २०२४ मध्ये सुधारलेल्या केंद्रीय नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही. ते मंजूर झाले असे मानले जाते. मग अर्ज अडतात कोठे ? माझ्या मते तीन ठिकाणी : नावावर, छपरावर आणि पैशावर.

पहिले, नाव. आपल्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांमध्ये, मग ते वाडवळांचे घर असो, सामवेदी कुटुंब असो की कोळीवाड्यातील घर असो, विजेचे मीटर कित्येकदा आजोबांच्या नावावर असते. आजोबा जाऊन पंचवीस वर्षे झाली तरी बिल त्यांच्याच नावे येते आणि नातू ते निमूटपणे भरतो. बिल भरण्यापुरते हे चालून जाते. अर्जाच्या वेळी मात्र ग्राहकाचे नाव, आधारवरील नाव आणि बँक खात्यावरील नाव यांचा मेळ बसत नाही. यावर उपाय एकच : अर्जाच्या आधी मीटरवरील नाव बदलून घेणे. त्यासाठी महावितरणकडे नावबदलाचा अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि घराच्या हक्काचा पुरावा लागतो. ही कामे एरवीही कधीतरी करावीच लागतात. सूर्यघराच्या निमित्ताने ती झाली तर पुढच्या पिढीचाही त्रास वाचेल.

दुसरे, छप्पर. छप्पर आपले असावे, ही योजनेची साधी अट आहे. तीन भाऊ, तीन मीटर आणि एक गच्ची, अशी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. तेथे गच्चीचा कोणता भाग कोणी वापरावयाचा, हे भावांनी आधीच लेखी ठरवून घ्यावे. एका किलोवॅटला साधारण १० चौरस मीटर मोकळी, सावली नसलेली जागा लागते. त्या मापाने गच्ची वाटून घेतली तर पुढील तंटा टळतो.

इमारतींच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती आणि तीनंतरही वाढतच गेली आहे. नालासोपारा, विरार, नायगाव या भागांतील बहुसंख्य कुटुंबे इमारतींत राहतात. सदनिकाधारकाला एकट्याला गच्ची नाही, गच्ची संस्थेची. जेथे संस्था नोंदलेली आहे, तेथे सर्वसाधारण सभेत ठराव करून सामाईक मीटरसाठी संच बसविता येतो आणि देखभालीची वर्गणी त्या प्रमाणात उतरू शकते. जेथे संस्थाच नोंदलेली नाही आणि सामाईक मीटर अजून विकासकाच्या नावावर आहे, तेथे आधी संस्था नोंदविणे भाग आहे. जमीन व इमारत संस्थेच्या नावे होत नसेल, तर १९६३ च्या सदनिका मालकी कायद्यात मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आहे. हा रस्ता लांबचा आहे, पण तो सौरसंचापुरता नाही. आपल्या डोक्यावरील छपराचा हक्क त्याच रस्त्याने मिळतो.

येथे एक गंभीर गोष्ट सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार येथे इमारत कोसळून १७ जणांचे प्राण गेले. त्या आठवणीने कोणाचेही मन सुन्न होईल. सौरसंचाचे वजन तुलनेने कमी, चौरस मीटरला सुमारे १५ ते २० किलो असते. पण जी इमारत स्वतःचाच भार पेलत नाही, तिच्यावर पाच किलोही ठेवू नयेत. ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी महानगरपालिका कायद्याने आवश्यक केली आहे. ती झाल्याखेरीज अशा इमारतीवर संच बसविण्याचा ठराव कोणत्याही संस्थेने करू नये. अनुदान पुढेही मागता येईल.

तिसरे, पैसा. अनुदान संच बसल्यावर मिळते. म्हणजे आधी संपूर्ण रक्कम, किंवा पुरवठादाराशी ठरेल तेवढी, उभी करावी लागते. तीन किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी राष्ट्रीयीकृत बँका तारणाशिवाय, रेपो दराशी निगडित अशा कमी व्याजाने कर्ज देतात. हे अनेकांना ठाऊक नसते, आणि ते सावकाराकडे किंवा हप्त्याने माल देणाऱ्या दुकानदाराकडे जातात. वसईला सहकारी पतपुरवठ्याची मोठी परंपरा आहे. पापडीची बसीन कॅथॉलिक सहकारी बँक १९१८ मध्ये उभी राहिली, ती शेतकऱ्याला व लहान माणसाला सावकाराच्या दारी जावे लागू नये याच भावनेने. त्याच भावनेने आपल्या पतसंस्थांनी अनुदान येईपर्यंतच्या दोनतीन महिन्यांसाठी अल्पमुदतीची उचल देण्याचा विचार केला, तर अनेक कुटुंबांचा अडलेला पाय मोकळा होईल. अनुदानाची रक्कम ठरलेली असल्याने अशा उचलीत धोकाही फारसा नाही.

समज आणि गैरसमज

लोकांना माहिती देताना खरे तेच सांगावे. ‘मोफत बिजली’ या शब्दांमुळे बिल अगदी शून्य होईल अशी समजूत होते. तसे होतेच असे नाही. स्थिर आकार भरावाच लागतो. दिवसा तयार झालेली जादा वीज नेट मीटरमधून महावितरणच्या जाळ्यात जाते आणि रात्री वापरलेल्या विजेतून ती वजा होते. महिन्याअखेर काही शिल्लक राहिली तर ती पुढील महिन्यात धरली जाते आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी नियमानुसार तिचा हिशेब होतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढगाळ हवा असते. त्या महिन्यांत उत्पादन घटणार, हे आधीच सांगून ठेवावे. नाहीतर पहिल्या पावसाळ्यातच घरमालक म्हणतो, ‘यंत्र बिघडले’.

दुसरा गैरसमज त्याहून मोठा आहे. घरावर सौरसंच असला की वीज गेल्यावरही दिवे लागतील, असे लोकांना वाटते. नेट मीटरला जोडलेला साधा संच, बाहेरची वीज गेली की आपोआप बंद पडतो. ही यंत्राची उणीव नाही. तारा दुरुस्त करण्यासाठी खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरातून उलट गेलेल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून केलेली ती योजना आहे. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी असलेला संच घ्यावा लागतो. त्याचा खर्च वाढतो आणि अनुदान त्या प्रमाणात वाढत नाही.

समुद्राकाठच्या गावांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. अर्णाळ्यापासून पाचूबंदरापर्यंत खाऱ्या वाऱ्याने साधे लोखंड थोड्याच वर्षांत गंजते. म्हणून पॅनेल धरणारा सांगाडा चांगल्या जस्तलेपनाचा किंवा ॲल्युमिनियमचा असावा. मे २०२१ मधील तौक्ते वादळाने किनारपट्टीला दिलेला तडाखा आपल्या स्मरणात आहे. सांगाडा वाऱ्याच्या जोराचा विचार करून पक्का बांधलेला असावा. मंगलोरी कौलांचे जुने घर असेल, तर आधी वासे आणि आढे तपासून घ्यावेत.

आणि झाडांविषयी. वाडीतील नारळाची सावली पॅनेलवर पडते, म्हणून माड तोडावा असा सल्ला कोणी पुरवठादार देत असेल तर तो मानू नये. पॅनेलची जागा बदलता येते, संच लहान करता येतो. शहरी भागात झाड तोडण्यास १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, ही गोष्ट वेगळीच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्या माणसांनी ज्या हिरव्या वसईसाठी लोकांना एकत्र आणले, तेथे घर थंड ठेवणारे झाड पाडून सौरवीज मिळविणे हा उफराटा व्यवहार होय. ज्या घरावर माडांची दाट सावली आहे, त्या घराला मुळात वीजही कमी लागते.

फसवणुकीपासूनही लोकांना सावध करावयास हवे. संकेतस्थळावरील अर्ज भरण्यास शुल्क नाही. ‘अनुदान मंजूर करून देतो’ म्हणून कोणी पैसे मागत असेल, किंवा मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक विचारत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. अनुदान हवे असेल तर पॅनेल देशी बनावटीचे असणे आणि पुरवठादार नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. पाच वर्षांची देखभाल पुरवठादाराने करावयाची असते. ती करारात लिहून घ्यावी आणि कराराची प्रत घरी ठेवावी. शंका आल्यास महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर विचारणा करता येते.

पंचायतीने काय करावे ?

या योजनेत स्थानिक स्वराज्य संस्थांनाही वाटा आहे, हे फार थोड्या सदस्यांना माहीत आहे. आपल्या हद्दीतील घरावर बसलेल्या प्रत्येक संचामागे ग्रामपंचायतीस किंवा नगरसंस्थेस १,००० रुपये प्रोत्साहन देण्याची तरतूद केंद्राने केली आहे. शंभर घरे झाली तर एक लाख रुपये होतात. त्यातून पंचायत कार्यालयाचे व शाळेचे दिवे-पंखे बदलता येतील. याखेरीज प्रत्येक जिल्ह्यातून स्पर्धेने निवडलेल्या एका आदर्श सौरग्रामास एक कोटी रुपयांचे साहाय्य मिळते. ५,००० हून अधिक लोकवस्तीची महसुली गावे या स्पर्धेत उतरू शकतात. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातले मान्याचीवाडी हे लहान गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. तेथे कोणतीही मोठी संपत्ती नव्हती. गाव एकत्र बसून निर्णय घेण्याची सवय मात्र आधीपासून होती.

माझी सूचना अशी की प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि महानगरपालिकेच्या प्रत्येक प्रभाग कार्यालयाने आठवड्यातून एक दिवस ‘ऊर्जा मदत दिन’ ठेवावा. त्या दिवशी महावितरणच्या शाखेतील एक कर्मचारी, बँकेचा एक प्रतिनिधी आणि संगणक हाताळणारा एक तरुण अशी तीन माणसे एका टेबलाशी बसावीत. येणाऱ्याकडून आधी वीजबिल मागावे आणि चार गोष्टी तपासाव्यात : मीटरवर नाव कोणाचे, महिन्याचा वापर किती, छप्पर कोणाचे व कसे, आणि बँक खाते आधारला जोडलेले आहे की नाही. या चार उत्तरांवरून लगेच कळते की हा माणूस आज अर्ज करू शकतो, की त्याने आधी नावबदल करावा, की त्याला बचतीचा सल्ला पुरे आहे. ज्याचे काम आज होणार नाही त्याला हात हलवीत परत पाठवू नये. पुढे काय करावयाचे ते कागदावर लिहून द्यावे आणि त्याचे नाव नोंदवहीत ठेवावे. दोन महिन्यांनी त्या नोंदवहीवरून चौकशी करावी.

त्याच नोंदवहीत आणखी एक रकाना असावा : अर्जदार दरमहा १०० युनिटांच्या आत आहे काय ? सहा महिन्यांनी पंचायतीने पाहावे की लाभ मिळालेल्या घरांत अशी घरे किती. मोठ्या बंगल्यांची संख्याच वाढत असेल, तर आपली पावले पाड्यांकडे आणि चाळींकडे वळावयास हवीत. शासनाने गरीब कुटुंबाचा वाटा २,५०० रुपयांवर आणून ठेवला आहे. तेवढ्यासाठी व एका कागदासाठी ते कुटुंब वंचित राहिले, तर दोष आपल्या व्यवस्थेकडे येतो.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. सातवी-आठवीच्या मुलांना घरचे मीटर वाचावयास शिकवा. महिन्याच्या पहिल्या व शेवटच्या तारखेचा आकडा लिहून आणण्यास सांगा, वजाबाकी वर्गात करा. वॅट, तास आणि युनिट यांचे नाते फळ्यावर जितके समजत नाही तितके ते स्वतःच्या घराच्या आकड्यावरून समजते. कोणता जुना पंखा आधी बदलावा हे मूलच मग वडिलांना सांगेल. आणि आजोबांच्या नावाचे बिल पाहून ‘हे नाव अजून का ?’ असा प्रश्नही ते विचारील.

अधिकारी मित्रांना सांगावयाचे ते असे की योजनेची मुदत मार्च २०२७ पर्यंत आहे. नावबदल, वारसनोंद, संस्थेचा ठराव, संरचनात्मक तपासणी या सर्वांना वेळ लागतो. अखेरच्या तिमाहीत गर्दी करून ही कामे होणार नाहीत. ज्यांचे कागद अपुरे आहेत त्यांच्यापासून सुरुवात करा. ज्यांचे पूर्ण आहेत ते आपल्या वाटेने येतातच.

सूर्यप्रकाश उसगावच्या पाड्यावर आणि वसई गावातील बंगल्यावर सारखाच पडतो. त्याचा लाभ दोघांनाही सारखा घेता यावा, यासाठी लागणारा पैसा शासनाने ठेवला आहे. त्या पैशापर्यंत जाणारी वाट मोकळी करण्याचे काम येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आपण सर्वांनी घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.